रात्री जेवणानंतर

३ जून, मंगळवार

आलं! मुलाखतीचं बोलावणं आलं! फार्मसी कॉलेजचं, अठरा तारखेला सकाळी. दुपारच्या सुट्टीत मोबाईलवर पाहिलं आणि गोदामात एकदम मोठ्यानं "अगं बाई!" म्हणाले. शेजारी खोकी बंद करणाऱ्या टेपवाल्यानं कानातली वायर काढली. "काय झालं?" — "काही नाही, खोक्यानं बोट कापलं." कशाला खोटं बोलले कुणास ठाऊक. त्यानं बोट बघितलंही नाही, वायर परत कानात.

पुढच्या वर्षी माझं वय बसत नाही. तेव्हा हे शेवटचं. झालं तर झालं, नाहीतर जन्मभर खोकी भरायची.

५ जून, गुरुवार

कॉलेजनं एक पत्रक पाठवलंय — "मुलाखतीत काय अपेक्षित आहे". अपेक्षित म्हणजे त्यांना माझ्याकडून. माझ्या अपेक्षा कुणी विचारलेल्या नाहीत.

आधी स्वतःबद्दल सांगायचं. मग फार्मसीच का. मग एखादा नैतिक पेच. आणि शेवटी जोडीनं एक प्रसंग — एकानं रुग्ण व्हायचं, दुसऱ्यानं फार्मासिस्ट, नंतर उलट. म्हणजे नाटक! शाळेत मला झाडाची भूमिका मिळाली होती आणि त्यातही मी हलले होते.

स्वतःबद्दल बोलून पाहिलं, आरशासमोर. नाव, वय, औषधांच्या ठोक विक्रीच्या गोदामात काम. इथे गाडी थांबली. आरशातली बाई वाट बघत उभी, मी पण उभी.

८ जून, रविवार

दादाचा फोन. आई त्याच्याकडे असते म्हणून रविवारी बोलणं होतं, एरवी दादा-वहिनी आपापल्या व्यापात. म्हटलं, "दादा, माझी मुलाखत घे ना, सराव होईल." तो म्हणाला, "घेतो की. प्रश्न पहिला — लग्न कधी करणार?" मागून वहिनी हसली. मीही हसले, हसायलाच हवं होतं. मग म्हणाला, "अगं, पोरंसोरं असतील तिथे सगळी. तू त्यांची मावशी शोभशील."

आईला फोन दिला. आई म्हणाली, "तिकडे पाणी येतंय ना वेळेवर?" — "येतंय." — "बरं. ठेवू?" तिला ऐकू कमी येतं, फोनवर बोलायचं म्हटलं की ती घाबरते. मला ते कळतं. तरी "ठेवू?" म्हटलं की मी लगेच "ठेव" म्हणते.

९ जून, सोमवार

आज सकाळी घरमालकीणबाई जिन्यात भेटल्या, "काय, आज उशीर?" म्हणाल्या. उत्तर द्यायला तोंड उघडलं तर आवाजच घोगरा. काल फोननंतर कुणाशी बोललेच नव्हते! दर सोमवारी असं होतं. "सर्दी का?" — "हो, सर्दी." त्यांनी काढा सुचवला. फार्मसीला जाणाऱ्या बाईला!

१२ जून, गुरुवार

पत्रकातला नमुना प्रश्न — "संघात काम केल्याचं एक उदाहरण द्या."

आमचा संघ! मी मागणीप्रमाणे गोळ्यांच्या पट्ट्या काढते, मुदत बघते, खोक्यात रचते. टेपवाला टेप मारतो. "झालं?" — "झालं." सात वर्षांत एवढंच. मालक येतात ते गाडी भरताना, आणि त्यांचं बोलणं असतं ड्रायव्हरशी. माणूस वाईट कुणी नाही. पण औषधं हाताळून हाताळून माझी बोटं गुळगुळीत झाली आणि आजारी माणूस एकही पाहिलेला नाही.

दुसरा प्रश्न याहून भारी — "तुमचा जवळचा मित्र चिठ्ठीशिवाय झोपेच्या गोळ्या मागायला येतो. तुम्ही काय कराल?" आधी चहा टाकीन. इतक्या वर्षांनी कुणी आलं म्हणून!

असलं उत्तर दिलं तर दारातूनच परत पाठवतील.

१५ जून, रविवार

दादाचा फोन नाही.

फार्मसीच का? — पाठ केलेलं उत्तर: "समाजाच्या आरोग्याची सेवा करण्याची संधी." मोठ्यानं म्हणून पाहिलं. भिंतीवर लावलेल्या पाटीसारखं वाटतं.

खरं उत्तर लिहून टाकते, इथे कोण बघतंय. कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात मी कधीकधी उगाच जाते. पट्टीचा कापूस वगैरे घ्यायला. तिथली बाई प्रत्येकाला थांबवते. "आजी, ही चघळायची नाही हं." "अहो काका, मागच्या वेळच्या संपल्या का?" लोक कटकट करतात पण सांगतात तिला सगळं — पोट साफ होत नाही इथपासून सून बोलत नाही इथपर्यंत. मला त्या काउंटरच्या आत उभं राहायचंय. कुणीतरी वाकून हळू आवाजात मला म्हणावं, "ताई, जरा विचारायचं होतं." एवढंच आहे बघ. यात समाज कुठे बसवायचा?

माझ्याकडे कापसाची इतकी पाकिटं झालीत की गादी भरता येईल.

१७ जून, मंगळवार

उद्या. साडीला इस्त्री केली, मग वाटलं मावशी दिसेन. पंजाबी ड्रेसला इस्त्री केली. रजा मागितली तेव्हा मालक म्हणाले, "कुणी वारलं का?" रजेचं एवढंच कारण त्यांना सुचतं.

१८ जून, बुधवार

सगळं क्रमानं लिहिते, नाहीतर डोक्यात नुसता गोंधळ आहे.

बाहेरच्या बाकावर पोरंपोरी, कुणाबरोबर आई, कुणाबरोबर बाबा. एक बाबा तर मुलाला पाणी पाजत होते! माझ्या शेजारी एक मुलगी, वीसेक वर्षांची, एकटी. हातातलं पेन सारखं दाबत होती — टिक टिक, टिक टिक. शेवटी म्हटलं, "अगं, स्प्रिंग तुटेल." ती म्हणाली, "तुटू दे ताई, नाहीतर मीच तुटेन." हसलो दोघी. तिचं नाव ऐकलं पण माझ्या डोक्यात ती टिकटिकच राहिली.

आत तिघं. मधे वयस्कर सर, एक चष्म्याच्या मॅडम, एक तरुण मास्तर जे नुसतं लिहीत होते. माझ्याबद्दल सांगितलं, गोदामाबद्दल सांगितलं. सर म्हणाले, "सगळ्यात जास्त काय खपतं?" म्हटलं, रक्तदाबाच्या गोळ्या. मग त्यांनी समोरचे कागद उलटले आणि म्हणाले, "गुण कमी दिसतात. काय कारण?"

मी ठणकावून सांगितलं, "सर, लोक मध्येच सोडतात म्हणून. दोन दिवस बरं वाटलं की बंद करतात."

मॅडमनी तोंडावर हात धरला. सर म्हणाले, "मी तुमच्या बारावीच्या गुणांबद्दल विचारतोय."

धरणीनं पोटात घ्यावं असं झालं! औषधाचा गुण आणि परीक्षेचे गुण — मेली भाषा! पण मग तोंडातून निघून गेलं, "तेही तसंच आहे सर. बाबा गेले त्या वर्षी मीही मध्येच सोडलं होतं, परीक्षेपुरती परत गेले." सर मोठ्यानं हसले. हसले ते बरं की वाईट, अजून कळत नाही.

मग नाटक. जोडी कुणाशी? टिकटिकशी!

आधी मी फार्मासिस्ट. ते ठीक झालं. पट्टीवर, खोक्यावर काय छापलेलं असतं ते मला झोपेतही म्हणता येतं. टिकटिक म्हातारी झाली, खोकली काय, कमरेवर हात काय, मास्तरांचं लिहिणं थांबलं.

मग उलट. मला कार्ड मिळालं — "साखरेची गोळी, रात्री जेवणानंतर. तुम्ही ती बऱ्याचदा चुकवता. कारण स्वतः ठरवा." मी ठरवलं होतं, "विसरते" म्हणायचं. सोपं. टिकटिकनं विचारलं, "गोळी रोज घेता ना?" आणि मी म्हणाले, "जेवणानंतर घ्यायची ना? मी रात्री जेवत नाही."

"भूक नसते?"

"असते. एकटीसाठी ताट घ्यावंसं वाटत नाही. ओट्यापाशी उभ्यानंच बिस्किटं खाते. ते जेवण धरायचं का?"

तिच्या पेनची टिकटिक थांबली. तिच्या कार्डावर सगळं लिहिलेलं असणार — गोळी कशी घ्यायची, चक्कर आली तर काय करायचं, एखादी चुकली तर काय. ते सगळं तिला वेळेत सांगायचं होतं. तिनं कार्ड पालथं ठेवलं. म्हणाली, "कधीपासून?"

"इथे राहायला आल्यापासून."

"कुणाबरोबर बसून शेवटचं कधी जेवलात?"

आठवेना. खरंच आठवेना. मी तिथे बसून आठवत राहिले आणि ती थांबली, घाई केली नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मॅडमनी घंटी वाजवली.

मॅडम तिला म्हणाल्या, "तुम्ही औषधापर्यंत पोचलाच नाहीत." आणि मला म्हणाल्या, "फार छान वठवलंत हो! अगदी खरं वाटलं."

मी "थँक यू मॅडम" म्हणाले.

१९ जून, गुरुवार

हे उभ्यानं खाण्याचं मी या वहीतसुद्धा कधी लिहिलं नव्हतं. तीन परक्या माणसांसमोर आणि एका पोरीसमोर बोलले. लाज वाटते. आणि वर "थँक यू"!

काल बाहेर आल्यावर टिकटिकनं माझा नंबर मागितला, स्वतःचं नाव आणि नंबर माझ्या मोबाईलमध्ये घातला. "निकाल लागला की कळवा हं ताई." मी तिला म्हणायला हवं होतं — अगं, तू तुझा वेळ माझ्यावर घालवलास. म्हटलं काय, तर "बस कुठून मिळेल?" तिनं माझा पत्ता विचारून घेतला आणि बसचा नंबर सांगितला.

आज गोदामात टेपवाल्यानं आपणहून विचारलं, "काल दिसला नाहीत?" वायर काढून विचारलं! मी म्हणाले, "बरं नव्हतं." पुन्हा खोटं. माझंच तोंड असं आहे तर लोकांनी बोलावं तरी किती.

२२ जून, रविवार

दादाचा फोन. "कशी झाली?" — "बरी." — "बघ, नाही झालं तर वाईट वाटून घेऊ नको." नाही झालं तर काय करायचं ते सगळ्यांना माहीत आहे. झालं तर काय, ते कुणी बोलत नाही.

सरांचं हसू आठवतं सारखं. हे लोक पोट धरून हसतात आणि नापासही करतात, असंही असेल.

२५ जून, बुधवार

निकाल नाही. कापूस आणला.

२७ जून, शुक्रवार

झालं. निवड झाली. यादीत माझं नाव आहे.

पुन्हा पुन्हा वाचलं. मोबाईल बंद करून चालू केला, तरी होतं. शेऱ्यात लिहिलंय — "रुग्णाची मनःस्थिती उत्तम साकारली." साकारली!

मग तिचं नाव शोधलं. खालून वर, वरून खाली. प्रतीक्षायादीतही नाही.

ज्या मुलीला माझ्या एका वाक्यावर पुढचं सगळं गिळून थांबावंसं वाटलं, तिला घेतलं नाही. आणि जिला थँक यू म्हणता आलं, तिला घेतलं. या तिघांतल्या एकालाही कळू नये? मला राग आलाय, आणि राग आला तरी ही जागा मी सोडणार नाही, हेही खरं आहे. सोडून तिला थोडीच मिळणार आहे! असं मी स्वतःला दिवसभर समजावलं.

दादाला फोन केला. "अरे वा!" म्हणाला. मग, "भाड्याचं कसं करशील?" आईला सांगितलं, तिला "निवड" ऐकू आलं नाही, "सवड" ऐकू आलं. "सवड मिळाली की ये," म्हणाली. दुरुस्त नाही केलं.

घरमालकीणबाईंना जिन्यात सांगितलं. "छान," म्हणाल्या, "आता पाणी जपून वापरा, टाकी धुवायचीय."

टिकटिकला फोन लावायला नंबर काढला. काय म्हणणार? अभिनंदन घ्यायला फोन केला असं वाटेल. सॉरी म्हणावं तर कशाचं? मोबाईल उशीखाली ठेवून दिला. इतक्या मोठ्या आनंदाचा दिवस आणि खोलीत नळ गळल्याचा आवाज.

२८ जून, शनिवार

संध्याकाळी फोन वाजला. टिकटिक! मी आधीच सुरू केलं, "अगं, तुझं नाव—" तिनं तोडलं मला. अभिनंदन नाही, रडगाणं नाही, काही नाही.

म्हणाली, "ताई, जेवलीस का?"

माझ्या तोंडावर "हो" आलंच होतं. गिळलं. म्हटलं, "नाही."

"मग कुकर लाव. मी निघालेय."