डग्गा गप्प बसतो ती जागा

४ जुलै
वैशालीचा पुण्याहून फोन. "बाबा, तुमचं नाव घातलंय. इंटरनेटवर कोर्स आहे, शास्त्रीय संगीत कसं ऐकायचं त्याचा. मिल बंद झाल्यापासून नुसते बसलात." बसलोय कुठे! (बसलोच आहे.) सुदामा नगरात पप्पू भियाचा (इकडे भैयाला भियाच म्हणतात) सायबर कॅफे आहे. उद्या जाणार.

५ जुलै
पहिला धडा तानपुरा. शिकवणाऱ्या बाई लिहितात, तारांच्या वर एक बारीक झंकार तरंगतो, जवारी म्हणतात, ती पकडा. तीनदा ऐकला. नुसतं घूं घूं. हेडफोन खराब आहे म्हटलं. पप्पू भियाने कानाला लावून पाहिला. "अंकलजी, एकदम साफ आ रहा है."
म्हणजे...

९ जुलै
कानाचे डॉक्टर. बारीक, वरचे आवाज गेलेत, वापस येणार नाहीत. सव्वीस वर्षं विव्हिंग खात्यात, मागांच्या धडधडाटात, कानात कधी कापसाचा बोळासुद्धा घातला नाही. घरी येऊन बायकोला, कुसुमला, सांगितलं. म्हणाली, "मला माहीत होतं. कुकरच्या शिट्ट्या मीच मोजते ना." इतकी वर्षं बोलली नाही.

१२ जुलै
बाईंना ई-मेल. इंग्रजी अक्षरांत मराठी, एका बोटाने, पाऊण तास. माझं नाव काढा. मिलवाल्याचे कान आहेत, तुमची मेहनत फुकट.

१५ जुलै
उत्तर आलं! "नाव काढणार नाही. मिलमध्ये कानांनी काय करत होतात ते लिहा."
लिहिलं. अख्खं खातं धडधडत असताना कुठल्या मागाचा सूत नेणारा धोटा अडखळतोय, ते पाठ फिरवून सांगायचो.

१८ जुलै
बाई: "मग तबल्यापासून सुरू करा. तीनताल, सोळा मात्रा. मधे डग्गा, तो डाव्या हाताचा जाड आवाज, गप्प बसतो, मग परत येतो. ती जागा शोधा."

२६ जुलै
सापडली!! लाइन दोनदा तुटली. तिसऱ्यांदा डग्गा गेला, आला, मोजत मोजत पहिल्या मात्रेवर, समेवर, उतरलो आणि टेबलावर थाप पडली. भिया धावत आला, "क्या हुआ अंकलजी?" म्हटलं, सम आली. त्याला काय कळणार. पण हसला.

१७ ऑगस्ट
आता विलंबित, संथ लय. लांबच लांब, धीर लागतो. पोळपाटावर मोजत होतो. कुसुम: "आधी पोळ्या होऊ देत."

७ सप्टेंबर
सकाळची मैफल, खरी, समोर बसून. कुसुमला नेलं. समेला माझी मान हलली, शेजारच्या अनोळखी गृहस्थांचीही त्याच क्षणी. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मिल सुटल्यापासून असं कुणाबरोबर...
कुसुमला हळूच विचारलं, "तानपुऱ्याचा तो वरचा झंकार येतोय तुला?"
"येतोय."
"कसा आहे?"
डोळे मिटून बसली. "सांगते."
परतताना टेम्पोत बसलो, राजवाड्याचा स्टॉप गेला, तरी गप्प. घरी चहा ठेवताना म्हणाली, "घासलेलं पातेलं उन्हात ठेवलं की कसं... नाही. तसं नाही." साखर घालता घालता, "परत ऐकावं लागेल मला."
चहा उतू गेला. ती अजून शब्द शोधतेय.