भिशीचा डबा

कशेळे, रविवार, ६ जुलै २०२५

प्रिय वनिताताई,

सप्रेम जयभीम. दिवाळीपासून तुझ्याशी धड बोलले नाही आणि आता एकदम पत्र, म्हणून हसशील. पण फोनवरचं या घरात सगळ्यांना ऐकू जातं, आणि मला रडू आवरणार नाही.

इकडे लावणी चालू आहे. कपिलने सुट्टी काढली आहे. रियाला गेल्या आठवड्यात रक्त चढवून आणलं. हाताची शीर सापडेना, म्हणून पायाला सुई लावली. पोर रडली नाही, ताई. पाच वर्षांच्या पोरीने रडायला हवं होतं.

सासूबाईंची भांड्यांची भिशी जोरात आहे. दर महिन्याला ओटीवर बायका जमतात, डब्यातून एक चिठ्ठी निघते, जिचं नाव येईल तिला हंडा नाहीतर कुकर. निघालेली चिठ्ठी फाडून टाकतात. त्यामुळे डब्यातल्या कमी होत जातात आणि शेवटी प्रत्येकीचा नंबर लागतोच.

तुला हे सगळं माहीत आहे. तरी लिहिते, कारण आमचं चुकलं ते इथेच. रियाच्या वेळी डॉक्टर म्हणाले होते, दोघांच्याही रक्तात थॅलेसेमिया लपलेला आहे, चारांत एक मूल आजारी निघू शकतं. सासूबाईंनी त्याची भिशी केली. "एक वाईट चिठ्ठी निघून गेली नं गं. आता डब्यात तीन चांगल्याच हायत, भ्यायचं नाय." मायेनेच म्हणाल्या. तू म्हणालीस, भिशीतली चिठ्ठी आधीच्या चिठ्ठीवर अवलंबून असते, बाळाचं तसं नसतं. प्रत्येक बाळाला डबा नव्याने भरतो, रियाची चिठ्ठी पुन्हा आत पडते. मला तुझा इतका राग आला. तू शाळेत गणित शिकवतेस, मला तर आशा हवी होती.

मला दिवस गेलेत. तिसरा महिना सरला. रियाच्या औषधांचं निमित्त सांगून कपिलबरोबर मुंबईला जाऊन तपासणी केली, तुझंच ऐकून. परवा रिपोर्ट आला. तीच चिठ्ठी.

सासूबाईंना सांगितलं. माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "दोनदा वाईट निघाली. आता पुढचं बाळ तर नक्की चांगलं गं."

मी पहिल्यांदाच त्यांना उलट बोलले. "आई, चिठ्ठी परत डब्यात पडते."

त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

गुरुवारी डॉक्टरांना सांगायचं आहे, ठेवायचं की नाही. कपिल म्हणतो, तू ठरव. मी ठरवलं आहे. नाही ठेवायचं. आणखी एक एवढासा पाय सुईखाली धरून ठेवणं माझ्याने होणार नाही. डब्याला रिया ठाऊक नसेल, मला आहे. मला ही दोन बाळं एकमेकांपासून वेगळी करताच येत नाहीत.

आणि तेच लिहायचं टाळत होते. बाळ येणार हे कुणीतरी रियाच्या कानावर घातलंय. काल तिने आपलं जुनं झबलं ट्रंकेतून शोधून काढलं आणि मला धुवायला दिलं. मोठी झाल्यावर तिने विचारलं, बाळाला काय झालं होतं, तर काय सांगू? तुला आहे तेच?

ते झबलं मी धुतलं, ताई. दोरीवर वाळत आहे.

गुरुवारी ये. गणित नको, नुसती शेजारी बस.

गुरुवारपर्यंत दोघांची आई,
तुझी दीप्ती