मानेवरचं ऊन

वर्धा
२० जानेवारी २०२६

प्रिय अश्विन,

सप्रेम नमस्कार. इकडे सगळे मजेत. तुमच्या रुख्मिणीआईंचे गुडघे आता बरे असतील. रोज फोन होतो, तरी ही बाई कागद कशाला खराब करते असं तुम्हाला वाटलं असेल. पण मी फोनवर बोलते तेव्हा आई शेजारी शेंगा सोलत बसते. हात शेंगांत, कान माझ्याकडे. म्हणून हे पत्र, आणि तेही घरी न पाठवता जाम चौरस्त्यावरच्या तुमच्या टायरच्या दुकानावर. गिऱ्हाईक नसताना वाचा.

रुखवताची तयारी जोरात आहे. आपलं स्थळ जुळवणाऱ्या नलूमावशीने घर डोक्यावर घेतलंय. साखरेचं तुळशीवृंदावन झालं, लोकरीचे मोर झाले, तरी तिचं समाधान नाही. "मधोमध तुमच्या दोघायचा फोटो पायजे, भरलेला. लोकायचे फोटो भरून देते अन् सोताचाच नाई, असं व्हायले नको!" तिचं म्हणणं बरोबरच आहे. माझा भरतकामाचा धंदाच तो.

तुम्ही एकदा विचारलं होतं, फोटोवरून क्रॉस स्टिच कशी होते? सोपं आहे. कॉम्प्युटरवर फोटो टाकला की प्रोग्राम त्याचे बारीक चौकोन पाडतो. एक चौकोन म्हणजे कापडावर एक फुली. किती रंग हवेत ते आपण सांगायचं. मग प्रत्येक रंगाला तो एक खूण देतो, कुठे त्रिकोण, कुठे गोल, आणि कोणता धागा लागेल तेही सांगतो. तुमच्यासारखा हिशेबी आहे, फक्त कमी बोलतो.

साक्षगंधाचे फोटो मी घेतले नाहीत. पार्लरवालीने त्यात मला इतकं लिंपलं आहे की माझी मलाच ओळख पटत नाही. सेवाग्रामच्या रस्त्यावर तुम्ही काढलेला सेल्फी घेतला. तीस रंग सांगितले. तुमच्या कातडीला चार रंग निघाले. माझ्या कातडीला पाच.

इथे थांबून मी चहा करून आले. प्यायले नाही, तसाच समोर आहे.

पाचवा रंग जवळजवळ पांढरा आहे. डाव्या कानाखालून मानेवर उतरलेला पट्टा. त्या दिवशी वारा सुटला, ओढणी सरकली आणि तुम्ही तेवढ्यात फोटो काढला. मग फोन माझ्यापुढे धरून म्हणालात, "पाहा ना, तुमच्या मानेवर ऊन कसं मस्त पडून राह्यलं!" मी हो म्हटलं.

अश्विन, ते ऊन नव्हतं. मला कोड आहे.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी नखाएवढा डाग होता. आता तळहात ठेवला तर झाकला जातो. तो कोणाला लागत नाही, दुखत नाही. वाढेल की थांबेल ते डॉक्टरही सांगत नाहीत. तो चेहऱ्यावर येणार नाही असं मी तुम्हाला लिहून देऊ शकत नाही.

घरी सगळ्यांना माहीत आहे. तुमच्याकडे कोणालाच नाही. आईचं एकच पालुपद, "लगन लागू दे, मंग सांगता येते. संसारात पडल्यावर कोन सोडून राह्यलं?" बाबा म्हणाले, "पत्रिका वाटल्या गेल्या बेटा. स्वीटीचं कसं होईन?" धाकटीचं नाव आलं की मी गप्प होते, हे त्यांना चांगलं ठाऊक आहे.

मावशीने स्क्रीनवर तो पट्टा पाहिला आणि एका मिनिटात तोड काढली. "रंग कमी कर ना! तीसचे बारा कर." मी केले. पट्टा गेला. रंग कमी केले की प्रोग्राम जवळजवळचे रंग एकात मिसळून टाकतो, म्हणून माझी मान सरसकट सावळी झाली. पण तुमच्या भुवईवरचा तो जुना व्रणही गेला. आपण दोघं साडीच्या दुकानातल्या पुतळ्यांसारखे गुळगुळीत दिसत होतो. मावशी टाळी वाजवून म्हणाली, "पाह्य, कसे झकास दिसून राह्यले!"

मला त्या स्क्रीनवरच्या बाईचा भयंकर राग आला. तुमचं लग्न तिच्याशी ठरलं आहे, माझ्याशी नाही.

मावशी गेल्यावर मी पुन्हा तीस रंग केले. रुखवत बघायला तुमच्याकडच्या बायका आधी येणार. तुमच्या आत्या प्रत्येक वस्तू हात लावून बघतात, साक्षगंधाला त्यांनी ताटावरचा रुमालसुद्धा उलटून पाहिला होता. त्यांचं बोट त्या पांढऱ्या फुल्यांवर थांबणारच. तुम्हाला हे तिथे, मांडवात, मुंडावळ्या बांधलेल्या असताना कळावं असं मला नको आहे. आणि बारा रंगांचा फोटो लावून मी तुमच्या शेजारी उभी राहू शकत नाही.

मला भीती वाटते. पत्र टाकून मी घरी येईन तेव्हा आईला काय सांगायचं तेही ठरलेलं नाही. तुम्ही मला फार आवडता, हे खरं तर पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं. पण मग पुढचं लिहिता आलं नसतं.

फोटो मी भरायला घेतला आहे. कापडाची डावी बाजू, म्हणजे मी, पूर्ण झाली. मानेसकट. उजवी बाजू कोरी आहे. तुमच्या निळ्या शर्टाचा धागा आणून ठेवला आहे, पण तुमचा होकार आल्याशिवाय त्या बाजूला सुई घालणार नाही. शर्ट मोठा आहे, वेळ लागेल, तेव्हा जे काही असेल ते लवकर कळवा. नकार असेल तर बाबांना फोन करू नका, मला करा. घरात सांगायचं काम माझं. मग कापड मधोमध कापून माझी अर्धी बाजू फ्रेम करीन आणि इथेच भिंतीवर लावीन. कीव करून मात्र हो म्हणू नका.

तुमची, किंवा नुसती,
आचल