जोडघराची मधली भिंत

गुरुवार, २६ फेब्रुवारी

भिंतीपलीकडच्या लिओननं पुन्हा माझ्या बाजूचाही बर्फ काढला! जोडघराचा नियम इथे शेंबडं पोरही जाणतं — बर्फ असो की रंग, ज्यानं त्यानं मधल्या खांबापर्यंत. पुढे वीतभरसुद्धा नाही. विचारलं तर म्हणे, "अगं बर्नी, फावडं थांबलंच नाही." सत्तरी उलटली तरी खोटं बोलता येत नाही मेल्याला.

दुपारी चर्चच्या तळघरात विक्रीच्या पिएरोगी केल्या. उद्या ईस्टरआधीच्या उपवासातला शुक्रवार, मांस बंद, गिऱ्हाईक तुटून पडणार. बटाटा भरून कडा मुडपता मुडपता एकच विषय — राजधानीत, हॅरिसबर्गला येणारं ते विधेयक. घरांवरचा शाळेचा कर कायमचा बंद. राज्यानं विक्रीकर कपड्यांवरही लावून नि पगारावरचा कर वाढवून शाळा चालवायच्या. शेजारी बसलेली ट्रूडी म्हणाली, "म्हणजे आता चड्डीवर पण कर!" सगळ्या खिदळल्या. मीही हसले. पण मला ते विधेयक हवंय. माझा नवरा एड गेल्यावर एकटीच्या पेन्शनीत घराचा गाडा ओढवत नाही. ते झालं नाही, तर जुलैचं कराचं बिल यायच्या आत घर विकणार. हे अजून कुणालाच सांगितलेलं नाही, लेकीलासुद्धा.

रविवार, १ मार्च

आज लिओनशी कडाक्याचं भांडण. त्याची हयात शाळेचा बँड शिकवण्यात गेली, त्याला हे विधेयक म्हणजे विषच. "आज शाळा गावाच्या हातात आहे. उद्या हॅरिसबर्गहून पैसे आले नाहीत, तर पहिला बँड जाणार!"

"आणि मी गेले तर?"

"तू कुठे जातेस?"

मी आत येऊन दार आपटलं.

सोमवार, २ मार्च

रोज सकाळी लिओन भिंतीवर दोनदा ठोकतो, मी दोनदा ठोकते. दोघं जिवंत आहोत, एवढाच निरोप. एड गेला त्या हिवाळ्यापासून चाललंय. आज रागानं उत्तर दिलं नाही. तर हा थंडीत अनवाणी व्हरांड्यात हजर! चेहरा पांढराफटक. मला बघितल्यावर म्हणतो, "पेपर आला का बघत होतो." लाज वाटली मला. पुन्हा असा खेळ करायचा नाही.

मंगळवार, १० मार्च

फायर कंपनीच्या, म्हणजे गावच्या अग्निशमन दलाच्या, हॉलमध्ये विधेयकावर सभा. हॉल खच्चून भरलेला. माझं नाव पुकारलं, उभी राहिले — नि चष्मा घरी! लिहून आणलेलं एक अक्षर दिसेना. तेवढ्यात मागून एक हात पुढे आला. हातात माझाच चष्मा. "व्हरांड्यात विसरली होतीस." माझ्याविरुद्ध बोलायला आलेला माणूस, नि माझा चष्मा खिशात घालून आणतो!

बोलले मी. म्हटलं, या घराचं कर्ज आम्ही कधीच फेडलं, तरी दरवर्षी माझ्याच घरात भाडेकरू असल्यासारखं वाटतं. माझ्यानंतर लिओन उठला. मला वाटलं, आता माझी सालटी काढणार. पण तो म्हणाला, "बर्नडीनचं खरं आहे. आणि पोरांचंही खरं आहे. मला तोड सापडलेली नाही." नि बसला.

बुधवार, १५ एप्रिल

विधेयक पडलं.

लिओन सूप घेऊन आला. जिंकल्याचा एक शब्द काढला नाही. तेव्हा मीच सांगून टाकलं — घर विकणार, लेकीकडे ओहायोला जाणार. त्यानं डबा टेबलावर ठेवला, झाकण पुन्हा पुन्हा दाबत राहिला. मला रडू आलं. घरासाठी आलं असं आधी वाटलं. नुसतं घरासाठी नव्हतं ते.

शनिवार, २ मे

चर्चमधून परतले, तर अंगणात 'घर विकणे आहे' ची पाटी! बरोब्बर मध्यावर. ट्रूडीचा तर फोनही आला — "बर्नी, आम्हाला न सांगता?" मी अजून दलालाला बोलावलंसुद्धा नव्हतं! तरातरा जाऊन लिओनचं दार बडवलं. "माझं घर विकणारा तू कोण रे?"

म्हणाला, "तुझं नाही. माझं. त्या गाढव दलालानं पाटी मध्ये रोवली."

जोडघरात पाटी मध्ये रोवणारा माणूस नक्की फिलाडेल्फियाचा शहरी बाबू असणार!

"आणि तू कुठे जाणार?" मी विचारलं.

"पोरंबाळं असलेलं बिऱ्हाड येऊ दे इथे. शाळेला पोरं हवीत. आणि मला..." पुढचं गिळलं त्यानं. कान लालबुंद.

रविवार, ३ मे

पुढचं वाक्य आलं. व्हरांड्यात, मधल्या खांबाला धरून. "एका छपराखाली दोघांनी दोन कर कशाला भरायचे, बर्नी?" या वयात कुणी असं विचारतं का! ट्रूडीला कळलं तर तळघरातल्या सगळ्या पिएरोगी करपतील. दिवसभर मात्र उगाच हसू येत होतं.

सोमवार, २४ ऑगस्ट

शाळेचा पहिला दिवस. सकाळी भिंतीवर टकटक झाली — पलीकडच्या नव्या बिऱ्हाडातल्या धाकटीची. पीठ माखलेले हात घेऊन मी उठेपर्यंत लिओननं इकडून दोनदा उत्तर दिलंसुद्धा.