विश्वजितची दुसरी क्रँक

राजारामपुरी, कोल्हापूर
अनंत चतुर्दशी, सकाळ

प्रिय राजनंदिनी,

अनेक शुभाशीर्वाद. हे पत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचून होईपर्यंत ती क्रँक ब्लॉकमध्ये बसवू नकोस. आपल्या जुन्या मिस्त्रीला, बाळासोलाही थांबव. तो कुरकुर करील, म्हणेल, "म्हाताऱ्याचं आता आनी काय नवीन?" करू दे. आज चतुर्दशी. आजच्या दिवशी माझ्या मुखातून शब्द निघत नाही आणि लेखणीतून अक्षर उतरत नाही, हे तू लहानपणापासून पाहिले आहेस. तरीही हे पत्र तुझ्या हाती येत आहे, एवढ्यावरूनच त्याची निकड ओळख.

सोमवारी तू मला तीन प्रश्न विचारलेस. ती क्रँक चालेल का, पिस्टन कोणते आणि हेड गॅस्केट कोणते. पुढच्या रविवारी घाटातली चढाईची शर्यत, आज सुटी असल्याने शेड मोकळी, म्हणून आज सायंकाळपर्यंत इंजिन जोडून बंद करायचे, असा तुझा बेत. तू क्रमाने विचारलेस. मी उलट्या क्रमाने उत्तरे देणार आहे. सोपे आधी सांगून अवघड पुढे ढकलावे, ही माझी जुनी खोड आहे.

गॅस्केट तीन पदरी पोलादाचेच घे. तुझ्या इंजिनातला दाब साध्या गॅस्केटला चार-पाच चढांहून अधिक सोसणार नाही. मात्र पोलादी गॅस्केट दुसऱ्याचे दोष पोटात घालीत नाही. साधे गॅस्केट मऊ असते, हेडवरचे ओरखडे भरून काढते. पोलादी गॅस्केटला हेड आणि ब्लॉक दोन्ही आरशासारखे सपाट लागतात. म्हणून दोन्ही पृष्ठे पुन्हा घासून घे, पट्टी आडवी-उभी लावून उजेड दिसतो का ते पाहा. बोल्ट नवे वापर आणि मधून बाहेर, तीन फेऱ्यांत आवळ. घाई करू नकोस. घाईविषयी पुढे मला बरेच सांगायचे आहे.

पिस्टन घडीव घे, ओतीव नको. ओतीव पिस्टन स्वस्त आणि शांत असतो, पण इंधनाचा एक अवेळी भडका झाला की फुटतो. घडीव पिस्टन तापल्यावर अधिक फुगतो, म्हणून त्याला सिलिंडरमध्ये जागा जास्त द्यावी लागते. बाळासो सवयीने दोन थाऊ, इंचाचे दोन हजारांश, ठेवील. तू साडेतीन ठेव. थंड असताना इंजिन खडखडेल, शेजारची पोरे हसतील. तू दहा मिनिटे तापू दे आणि मगच चढाला लाव. एवढे दोन्ही विषय मी निर्भय मनाने लिहू शकलो. यापुढचे तसे लिहिता येणार नाही. अक्षर लागले नाही तर बाळासोकडून वाचून घेऊ नकोस, स्वतःच लाव.

तू नऊ वर्षांची असताना उद्यमनगरातल्या आपल्या वर्कशॉपमध्ये शाळा सुटली की यायचीस. ग्राइंडिंगहून घासून आलेली प्रत्येक क्रँक, इंजिनाचा तो वाकडातिकडा पोलादी दांडा, आम्ही दोरीने टांगायचो, पितळी हातोडीने हलकेच ठोकायचो आणि कान लावायचो. निर्दोष क्रँक बस्तीतल्या, आपल्या जैन मंदिरातल्या, घंटेसारखी घुमते, नाद लांबत जातो. आत तडा असेल तर नाद अर्ध्यावर मोडतो, ओल्या मडक्यासारखा. बाळासो विचारायचा, "काका, बोलली का?" मी 'बोलली' म्हटल्यावरच ती क्रँक गिऱ्हाइकाला जायची. तूही स्टुलावर डोळे मिटून बसायचीस आणि माझ्याआधी 'बोलली' म्हणायचीस. एकदा मी होकार दिलेल्या क्रँकेला तू नकार दिलास, आणि तू खरी ठरलीस. त्या दिवशी मला आनंद झाला, असे मी सर्वांना सांगितले. प्रत्यक्षात त्या रात्री मला झोप लागली नाही. या मुलीच्या कानांपासून एक दिवस काहीही लपणार नाही, हे मला त्या दिवशी कळले.

आता क्रँक. तुझ्या वडिलांनी, विश्वजितने, त्याच्या शर्यतीच्या पांढऱ्या गाडीसाठी एकाच लॉटमधल्या दोन क्रँक आणल्या होत्या. एक गाडीत गेली. दुसरी मी तेलाच्या फडक्यात गुंडाळून माझ्या कपाटात ठेवली. गेल्या महिन्यात तू म्हणालीस, "आबा, बाबांचीच क्रँक घालणार. त्यांनी जिथं सोडलं, तिथनंच सुरू करायचं." मी किल्ली काढली आणि माझ्या हातांनी ती तुझ्या हाती दिली. नको म्हणालो असतो, तर का नको हे सांगावे लागले असते.

गुरुवारी तू शेडमधून फोन केलास, क्रँक टांगून ठोकलीस आणि विचारलेस, "आबा, बोलली का?" मला नाद ऐकू आला, आणि तो शेवटी किंचित मोडल्यासारखा वाटला. तो दोष क्रँकेचा, फोनचा की माझ्या कानातल्या यंत्राचा, हे मला ठरविता आले नाही. आजही ठरविता येत नाही. ऐंशी वर्षांचे कान साक्षीला पात्र नाहीत. पण "मला शंका आहे" हे तीन शब्द तरी मी बोलायला हवे होते. मी "ठीक" म्हणालो. फोन ठेवण्याआधी तू ती आणखी एकदा ठोकलीस. मला वाटते, तुझ्या कानांना माझ्यासारखेच काहीतरी जाणवले होते, आणि माझ्या शब्दावर विसंबून तू स्वतःच्या कानांना खोटे ठरविलेस. त्या क्षणापासून दोन दिवस मी जेवलेलो नाही. घरच्यांना वाटते, आबांनी दशलक्षण पर्वाचे उपवास वाढविले.

सव्वीस वर्षांपूर्वीचे पर्व असेच होते. पर्वाच्या दहा दिवसांत मी यंत्राला हात लावीत नसे. विश्वजितला दोन्ही क्रँक पर्वाआधी ग्राइंड करून हव्या होत्या, म्हणून आदल्या दुपारी मी एकट्यानेच त्या घासल्या. बस्तीत संध्याकाळी पूजेची मांडामांड माझ्याकडे होती. लक्ष घड्याळाकडे होते. मी चाक जास्त दाबले, पाण्याची धार पुरी पडली नाही. पोलाद एका जागी तापून निळसर पडल्याचे मला दिसले; तडा अशाच जागी जातो. ते मी पुसून चकचकीत केले. शास्त्र सांगते की हिंसेचे मूळ शस्त्रात नसून प्रमादात, बेसावध मनात असते. मला हे मुखोद्गत होते.

पुढे चतुर्दशी आली. माझा दहावा उपवास, पूर्ण दिवसाचे मौन. मौनात मी बोलत तर नाहीच, पण खूण करीत नाही, पाटीवर लिहीतही नाही. ही कडक रीत कोणत्याही मुनींनी मला दिलेली नव्हती. मीच घालून घेतली होती आणि गावात तिचे कौतुक होत असे. विश्वजित दुपारी इंजिन जोडायला बसला. रविवारी शर्यत होती. मला दारात पाहून हसला, म्हणाला, "काका, तुमचं मौन आनी माझं इंजिन एकाच दिवशी आलं की. बघा बाबा, निदान कान तरी उघडं ठेवा." बाळासोने क्रँक टांगली, ठोकली. नाद मोडला. राजनंदिनी, मी तो स्पष्ट ऐकला. बाहेर गणपतीच्या मिरवणुका निघालेल्या होत्या, त्या गलबल्यात चूक झाली असेल, असे मी मनाला सांगितले, पण माझे मन माझ्याइतके भोळे नव्हते. बाळासो म्हणाला, "काका, बोलली का न्हाय? मान हालवा की नुसती." मी मान हलविली नाही. मी डोळे मिटून घेतले. माझे व्रत दहाव्या दिवशी एका मानेच्या हालचालीने मोडावे, हे मला सोसवले नाही. बाळासोने तो होकार समजला. "काका ध्यानात गेलं, म्हंजी बरं हाय," असे तो म्हणाला आणि विश्वजितने क्रँक उचलली.

शनिवारी सूर्योदयाला मौन सुटले. बस्तीत माझे पारणे झाले, गळ्यात हार पडला, लोक पाया पडले. त्यानंतर पूर्ण दिवस माझ्यापाशी होता. जीभ मोकळी होती. तुमचे कसबा बावड्यातले घर सायकलने वीस मिनिटांवर होते. मी गेलो नाही. इंजिन सुरू झाल्याचे, छान चालल्याचे कळले होते. आता बोलावे तर काल का बोलला नाहीस, असे विचारतील. पोलाद कुणी तापवले, असे विचारतील. व्रताने मला एक दिवस बांधले होते. त्यापुढचे सर्व भीतीने.

रविवारी तिसऱ्या वळणावर क्रँक तुटली, मागची चाके जागीच अडकली आणि गाडी कठड्यावरून गेली. तू चार वर्षांची होतीस. मी निळसरपणा पुसला होता, त्याच जागी ती तुटली होती.

मंगळवारी इंजिन उघडायला सर्वांनी मलाच बोलाविले, कारण नेमिनाथकाका खोटे बोलत नाहीत. मी तुकडा हातात घेतला, आणि एवढेच म्हणालो की इंजिन मर्यादेबाहेर फिरविले गेले असावे. एका वाक्याचे काम होते. गावाने ते उचलले. विश्वजितला वेगाचे वेड होते, त्यानेच गाडी ओढली, चार वर्षांच्या लेकीचाही विचार केला नाही, हे तू शाळेत ऐकलेस, तुझ्या आईने स्वतःच्या भावांकडून ऐकले. तुझ्या आईने, क्रांतीने, तुझ्या बाबांचा फोटो किती वर्षे भिंतीवर लावला नव्हता, हे तुला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. आता तू त्याच घाटात चढणार आहेस ती बाबांवरचा तो डाग पुसण्यासाठी, हेही मला माहीत आहे. तो डाग मी लावलेला आहे.

दरवर्षी पर्व संपल्यावर क्षमावाणीच्या दिवशी मी तुमच्या दारी येतो, तुझ्या आईपुढे हात जोडतो आणि मन, वचन, कायेने घडलेल्या अपराधांची क्षमा मागतो. ती दरवर्षी म्हणते, "आबा, तुमी कशाची माफी मागताय? आमच्या पोरीला तुमीच तर उभं केलं." मग चहा ठेवते, मी सूर्यास्ताआधी घरी पोहोचून जेवावे म्हणून घाई करते. पंचवीस वेळा क्षमा मागितली आणि एकदाही अपराधाचे नाव घेतले नाही. याच पर्वात बस्तीत मी सत्यधर्मावर पाऊण तास प्रवचन दिले. माणसे डोळे पुसत होती.

तू वाढलीस, त्याच हातोडीने ऐकायला शिकलीस, मला बापाच्या जागी मानू लागलीस, तसतसे बोलणे अधिकाधिक कठीण होत गेले. आधी मला लोकांची भीती होती. मग तुझ्या आईची. नंतर फक्त तुझी. गुरुवारपासून मात्र एक निराळीच भीती आहे, आणि तिच्यापुढे पहिल्या सगळ्या लहान वाटतात. दुसरी क्रँकही मीच घासली होती, त्याच दुपारी, त्याच चाकावर. ती निर्दोष असेलही. मला ठाऊक नाही. नवी घडीव क्रँक घे, तडा-तपासणीचा कागद पाहून घे, आणि नवीसुद्धा टांगून स्वतःच्या कानाने ऐक. माझ्यासह कुणाच्याही 'ठीक'वर जाऊ नकोस. त्यासाठी ही शर्यत हुकली तर हुकू दे.

आज सूर्योदयाला मी मौन घेतले नाही. हे पत्र मी स्वतः रिक्षाने गडमुडशिंगीला तुझ्या शेडवर आणून तुझ्या हाती दिले आहे आणि तू हे वाचत असताना शेडबाहेरच्या बाकावर बसलो आहे. तोंडाने सांगायला आलो असतो तर तुझा चेहरा पाहून पुन्हा 'ठीक' म्हणून परतलो असतो, एवढा मी स्वतःला ओळखतो. म्हणून आधी लिहून काढले, म्हणजे मागे फिरायला वाट उरू नये. मला क्षमा कर असे मी लिहीत नाही. बाहेर ये, बाळासोलाही घेऊन ये, कारण तोही इतकी वर्षे स्वतःलाच दोष देत असेल, आणि मला मोठ्याने विचार. मी मोठ्याने उत्तर देईन. मग आपण तिघे बावड्याला तुझ्या आईकडे जाऊ. माझ्या पिशवीत, फडक्यात, तुझ्या बाबांच्या तुटलेल्या क्रँकेचा तुकडा आहे. मी तो फेकला नाही. तुटलेली बाजू उजेडात धर. जवळजवळ सगळा भाग काळा आहे, तेल मुरलेला. तो तडा शर्यतीच्या आधीच वाढत होता. कडेला नखाएवढा भाग पांढरा, दाणेदार चकाकतो; तेवढाच त्या दिवशी वळणावर तुटला. काळा भाग माझा आहे. तुझ्या बाबांच्या वाट्याचा तेवढा चकाकणारा.

तुझाच,
नेमिनाथआबा