जागा क्रमांक सातमधील दुसऱ्या व्यक्तीचे निर्गमन

प्रति,
मा. शिबिरस्थळ अधिकारी,
शेत व फळबाग परिसर शिबिर कार्यालय,
तळमजला, खिडकी क्र. ३.

विषय : जागा क्र. ७ मधील व्यक्ती क्र. २ चे निर्गमन कार्यालयाने परस्पर न नोंदवता अर्जदारास स्वतः नोंदवू देण्याबाबत.

संदर्भ : आपली नोटीस क्र. ११२, दि. २१ ऑगस्ट.

महोदय,

वरील नोटीस मिळाली. तीत दोन आक्षेप आहेत. पहिला असा, की गेल्या शरद हंगामात ३ ते ११ ऑक्टोबर या काळात जागा क्र. ७ वर दोन व्यक्तींची हजेरी लागली. त्यांपैकी व्यक्ती क्र. २, म्हणजे माझी धाकटी बहीण, तेव्हा हयात नव्हती. दुसरा असा, की निर्गमनाच्या रकान्यात तिची सही नाही, त्यामुळे नोंदवहीनुसार ती अद्याप जागेवरच आहे. तिने पंधरा दिवसांत जागा रिकामी करावी आणि ‘दोन्ही व्यक्तींनी समक्ष हजर राहून खुलासा करावा’, अन्यथा कार्यालय लाल शाईने नोंद बंद करील, असे आपण कळवले आहे.

दोन्ही आक्षेप बरोबर आहेत. मी समक्ष हजर राहू शकते. व्यक्ती क्र. २ बद्दल तशी हमी देता येत नाही, म्हणून दोघींचा खुलासा मीच लिहीत आहे.

१. मी माती परीक्षण प्रयोगशाळेत काम करते. बहीण शिवणकाम करायची. गेल्या वर्षाच्या आधी सलग सोळा शरद ऋतू आम्ही दोघी जागा क्र. ७ वर तंबू ठोकून नऊ-नऊ दिवस राहिलो. या जागेला लागून नाशपातीच्या बारा झाडांची रांग आहे. रोज सकाळी सहा वाजता किमान तापमान पाहायचे आणि त्या बारा झाडांखाली पडलेली फळे मोजायची, असा आमचा नेम होता. मोजायचे मी, लिहायचे तिने. कालचा आकडा डोळ्यांसमोर असला की आजची मोजणी नकळत तिकडे झुकते, म्हणून वही कायम तिच्याकडे असे. ती म्हणायची, “ताई, पडलेली फळं पडली. तू मोजलीस म्हणून वर जाऊन चिकटणार आहेत का?” आणि आकडा मात्र नीट लिहायची. बागवाले काका आम्हाला पाहिले की बायकोला हाक मारून सांगत, “आल्या गं मोजणीवाल्या. आता फळं लाजून आणखी चार पडतील.”

२. शेतात यंत्रे चालतात, म्हणून एका जागेवर किमान दोन व्यक्ती हव्यात, हा आपला नियम मला ठाऊक आहे आणि तो योग्य आहे. गेल्या वर्षीचे आरक्षण आम्ही जूनमध्ये दोघींच्या नावाने केले. फॉर्म तिनेच भरला, दवाखान्यातल्या पलंगावर बसून. १९ ऑगस्टला ती गेली. आरक्षण रद्द करायला हवे होते. मी ते केले नाही.

३. ३ ऑक्टोबरला फाटकावरच्या लिपिकबाईंनी विचारले, “दुसऱ्या बाई कुठे आहेत?” मी म्हटले, “मागून येतेय.” हे खोटे होते. त्या दिवसापासून रोज सकाळी हजेरीच्या वेळी मी “बागेत गेलीय” असे सांगितले आणि तिच्या नावापुढे सही केली. अक्षर बदलण्याचा प्रयत्न केला नाही. एकाच हाताच्या अठरा सह्या आहेत, आपण ताडून पाहू शकता. माझ्या नोकरीच्या बावीस वर्षांत मी एकही आकडा बनवलेला नाही. या नऊ सह्या मात्र बनवल्या.

४. पहिले दोन दिवस मीच मोजले आणि मीच लिहिले. त्यामुळे ते दोन आकडे मी विश्वासार्ह धरत नाही. तिसऱ्या दिवशी बागवाले काका रांगेच्या टोकाला उभे होते. त्यांनी तंबूकडे पाहिले. तंबूच्या कोपऱ्याला बहिणीने स्वयंपाकघराच्या जुन्या पडद्याचे ठिगळ लावले आहे, तिथे त्यांची नजर थांबली. मग त्यांनी टोपी काढली, हात पुढे केला आणि म्हणाले, “द्या ती वही. तुम्ही सांगा, मी लिहितो.” त्यांनी काही विचारले नाही आणि त्या हंगामात एकदाही थट्टा केली नाही. काकांचा या खोट्या हजेरीशी संबंध नाही. त्यांच्यावर कारवाई करू नये.

५. निर्गमनाबाबत. ११ ऑक्टोबरला सकाळी पावणेअकराला लिपिकबाईंनी वही पुढे सरकवली आणि म्हणाल्या, “दोघींची करून टाका हो सही, मागे रांग आहे.” मी माझी सही केली. खालच्या रकान्यावर पेन टेकवले. नऊ दिवस ती हजर असल्याची सही मी करू शकले होते. ती निघून गेल्याची सही माझ्याने झाली नाही. पेन परत ठेवून मी बाहेर पडले. तिथे शाईचा एक ठिपका असेल. तो माझा आहे.

६. हा प्रकार उघडकीस आला तो माझ्याच अर्जामुळे. या वर्षी एकटीने राहण्याची परवानगी मागताना मी कारणादाखल तिचा मृत्यूचा दाखला जोडला. त्यावरची तारीख गेल्या हंगामाच्या आधीची आहे, हे पाकीट बंद करताना लक्षात आले होते. तरी पाकीट उघडले नाही. आणखी एक हंगाम खोटे बोलणे मला जमले नसते.

त्यानंतर खिडकी क्र. ३ वर मला सांगण्यात आले, की जागा कागदोपत्री भरलेली असल्याने माझ्या अर्जाचा विचारच होऊ शकत नाही. आधी बहिणीला निघायला सांगा. लिपिक सज्जन आहेत. वाक्य पुरे झाल्यावर त्यांनी मान खाली घातली. मला त्यांची तक्रार करायची नाही. गेले वर्षभर घरातही सगळे मला हेच सांगत आहेत.

७. माझ्यावर कायमची बंदी घालावी, ती मला मान्य आहे. आरक्षणही नको. विनंती एकच. लाल शाईची रेघ कार्यालयाने मारू नये. ३ ऑक्टोबरला सकाळी सहा वाजता मला एका तासासाठी, तंबूशिवाय, आत सोडावे. मी बारा झाडांखालची फळे मोजीन, काका लिहितील. त्यानंतर मी फाटकावर येऊन तिच्या नावापुढे, निर्गमनाच्या रकान्यात, माझ्याच नावाने सही करीन आणि ‘मोठ्या बहिणीने केली’ असे स्वच्छ लिहीन.

तोपर्यंत जागा क्र. ७ भरलेलीच दाखवावी.

कळावे,
अर्जदार,
जागा क्र. ७, व्यक्ती क्र. १
(सही)
दि. ४ सप्टेंबर

सोबत :
१. मृत्यूचा दाखला, प्रत.
२. मोजणीच्या वहीतील गेल्या वर्षीचे पान. तिसऱ्या दिवसापासूनचे अक्षर बागवाल्या काकांचे.
३. व्यक्ती क्र. १ चा खुलासा : वरीलप्रमाणे.
४. व्यक्ती क्र. २ चा खुलासा : जोडलेला नाही.