चार नंबरच्या खाटेचं सामान

सोम., १० नोव्हें.
वरून फर्मान आलंय: आयसीयूचा कचरा कमी करा, आठवडाभर एकेका खाटेचा कचरा तोला. बावीस वर्षं नोकरी करून शेवटी हातात तराजू! हसू आलं.

मंगळ., ११
चार नंबरचे तिवारीजी सकाळी गेले. त्यांचा कप्पा नेहमीसारखा कचऱ्याच्या पिशवीत रिकामा केला. सहा किलो. तराजूच बिघडला असेल म्हणून पिशवी उघडली. निम्म्याहून जास्त सीलबंद. नळ्या, सिरिंज, ऑक्सिजनचे मास्क. पाकिटं फाडलेलीसुद्धा नाहीत.

बुध., १२
नव्या डॉक्टरांनी विचारलं, सीलबंद सामान का फेकता? म्हटलं, इन्फेक्शनचा नियम आहे. "सिस्टर, लिखा कहाँ है?" सगळ्या फायली उपसल्या. कुठेच नाही. आमची सफाईवाली कमलाबाई पोछा मारता मारता म्हणाली, "दीदी, आपने ही तो बताया था. मरे हुए का सामान जिंदे को नहीं लगाते."
मी! हे तर आईचं वाक्य, लहानपणापासून ऐकलेलं. पहिल्या वर्षी घाबरून बोलले असणार. मग त्यालाच इन्फेक्शन म्हणायला लागले आणि येईल त्या नव्या नर्स मुलीला तेच शिकवलं. बावीस वर्षं! स्वतःचीच शरम वाटतेय. जेवणाचा डबा तसाच घरी परत आणला.

शुक्र., १४
नवा नियम भिंतीवर लावला, खाली माझी सही. पेशंट संसर्गाचा नसेल आणि सील शाबूत असेल, तर सामान पुसून कपाटात परत. मुली कुजबुजल्या. दरडावलं, शिकलेल्या ना गं तुम्ही? तिवारीजींचं सामान मीच पुसलं. मास्कच्या पाकिटावर पेनाने लिहिलेलं त्यांचं नाव काही जाईना. असू दे म्हटलं.

रवि., १६
दुपारी आईला एकदम धाप. फ्रीगंजच्या घरून ऑटोत घालून इथेच आणलं. खाट एकच रिकामी, चार नंबर.
मास्क घ्यायला कपाट उघडलं. सगळ्यात पुढे तिवारीजींचं पाकीट, मागे कोरी. हात थांबला. मुली बघत होत्या. मीही बघत होते, माझ्याच हाताकडे. मग तेच फाडलं.
संध्याकाळी आईने डोळे उघडले. श्वास जरा बरा. पाकीट ट्रेमध्येच राहिलेलं. तिने ते उचललं, डोळ्यांजवळ नेऊन वाचलं, मास्क थोडा वर केला.
"हे तिवारीजी कोण गं?"